त्रिनिदादचा मामा

पाव्हण्यांची जीप वेशीच्या चढाला लागल्याची वर्दी आली, तेव्हा रतनबाईनं धाकट्या भावाला माजघरात ओढलं आणि शेवटची उजळणी घेतली.

"गहिनी, इचारलं तर काय सांगशील?"

"साखरेचा कारखाना."

"कारखान्यात काय हुतास?"

"मिस्त्री."

"कसला मिस्त्री?"

गहिनीनाथनं डोकं खाजवलं. "आक्का, त्ये तू काल सांगितलंच न्हाईस."

रतनबाईनं कपाळाला हात लावला. सांगणार तरी काय? कारखान्यात मिस्त्री किती जातीचे असतात ते तिला तरी कुठं ठाऊक होतं! "मग मान हलवायची," ती म्हणाली, "आन चहा प्यायचा. दादा हाय बोलायला."

गहिनीनाथनं आज्ञाधारकपणे मान हलवून दाखवली. चव्वेचाळीस वर्षांचा हा गडी, अंगानं दणकट, पण थोरल्या बहिणीपुढं अजून शाळेतल्या पोरासारखा उभा राही. आज तिनं त्याला धुतलेलं धोतर नेसवलं होतं, डोक्यावर टोपी घातली होती, आणि टोपीखालचे लांब केस आत कोंबून टाकले होते.

'साखर मिस्त्री' ही पदवी त्याला गावानं दिली होती, पण सुरुवात रतनबाईनंच करून दिली होती. बारा वर्षं समुद्रापार काढून तो परत आला, तेव्हा लोकांनी विचारलं, कुठं होतास, काय करत होतास? तो तोंड उघडायच्या आत ती बोलून गेली, "त्रिनिदादला. तिकडं ऊस हाय, साखर हाय." यात खोटं काहीच नव्हतं. त्या बेटावर ऊसही होता आणि कारखानेही होते. बाकीचं लोकांनी जोडलं. नगर जिल्ह्यातल्या माणसाला ऊस म्हटला की कारखाना दिसतो, आणि परदेशी ऊस म्हटला की तिथून शिकून आलेला मिस्त्री दिसतो. सहा महिन्यांत बागायतीकडचे लोक तोडलेल्या उसाच्या खोडव्याला काय घालावं ते विचारायला पारनेरला येऊ लागले. गहिनीनाथ बिचारा "पानी जरा कमी द्या" एवढंच सांगायचा. कुणाचा ऊस जोरात आला की त्याचंही श्रेय मिस्त्रीला मिळायचं.

खरं काय ते घरातल्या तिघा भावंडांनाच ठाऊक होतं. गहिनीनाथ अठरा वर्षांचा असताना जत्रेत एका तमाशाच्या फडात ढोलकीला बसला, म्हणून वडिलांनी, आबांनी, ती ढोलकी त्याच्या देखत चुलीत घातली होती. त्याच दिवशी तो मुंबईला गेला, गोदीत लागला, तिथून बोटीवर कोळसा मारायला. बोटीनं त्याला आजारी म्हणून त्या बेटावर उतरवलं आणि ती निघून गेली. पुढं आबा वारले. रतनबाईचा नवरा वारला आणि सात वर्षांच्या पुष्पावतीला हाताला धरून ती माहेरी आली. तेव्हा त्याच्या एकुलत्या एका पत्रावरचा पत्ता बघून तिनं मास्तरांकडून एक पत्र लिहून घेतलं होतं, 'दादा आहे, पण मला तू पाहिजेस. ये.' आणि तो आला. तिकडं क्लबात वाजवत होतो, एवढं त्यानं पहिल्या दिवशी सांगितलं. थोरल्या सहादेवनं आधी उठून दार लावलं आणि मग म्हणाला, "हे पुन्यांदा तोंडातनं काढू नको." त्यानं काढलं नाही.

आता ती सात वर्षांची पोर एकोणीस वर्षांची झाली होती आणि तिला जिल्ह्याच्या उत्तरेकडचं स्थळ आलं होतं. पाटपाण्याचा भाग. मुलगा कारखान्यात फिटर, राहायला कारखान्याच्या वसाहतीत, आणि वसाहतीत नळ! पारनेरच्या बाईला नळ म्हणजे काय हे पारनेरच्याच बाईला विचारावं. पुष्पावती पहाटे उठून मैलभरावरच्या विहिरीवरून तीन-तीन हंडे आणायची, तेव्हा रतनबाई तिच्या मानेकडं बघत बसायची. या मानेवरचं ओझं उतरलं म्हणजे मी मोकळी झाले, असं ती सगळ्यांना सांगायची. आणि हे स्थळ आलं होतं ते मिस्त्री मामाच्या नावावर. मुलाचे वडील काकासाहेब त्याच कारखान्यात बॉयलरवर फोरमन होते. त्रिनिदादचा साखर मिस्त्री सोयरा म्हणून मिळतोय म्हटल्यावर ते पत्रिका न बघताच जीप घेऊन निघाले होते.

जीप दारात आली. काकासाहेब उतरले ते आधी छपराकडं, मग गोठ्याकडं आणि शेवटी माणसांकडं बघत. मागून त्यांची थोरली बहीण गोजरबाई उतरली. हिनं होकार दिल्याशिवाय त्या घरात म्हैससुद्धा विकली जात नाही, असं मध्यस्थानं आधीच कानावर घातलं होतं. सगळ्यात शेवटी नवरदेव गोरक्षनाथ, नव्या शर्टात अवघडलेला.

ओसरीवर सतरंज्या घातल्या होत्या. गोजरबाई बायकांत आत न जाता भावाच्या शेजारीच भिंतीला टेकून बसली. रतनबाई माजघराच्या दाराआड उभी राहिली. तिच्या मागं पुष्पावती. पोहे झाले, मुलगी बघून झाली, नाव-शिक्षण विचारून झालं. गोजरबाईनं पुष्पावतीचा तळहात हातात घेतला, त्यावरचे घट्टे बोटानं चाचपले आणि "कामाची हाय," असं म्हणून हात सोडला. रतनबाईचा अर्धा जीव भांड्यात पडला. उरलेला अर्धा गहिनीनाथकडं लागून राहिला होता.

काकासाहेबांनी मांडी बदलली. "हां, गहिनीनाथराव. आता आपल्या धंद्याचं बोलू. तिकडं बॉयलरला चिपाडच जाळत्यात का कोळसा?"

गहिनीनाथनं मान हलवली.

"म्हंजे चिपाड?"

मान पुन्हा हलली.

"आन मळीचं काय करत्यात?"

मळी ऐकल्याबरोबर गहिनीनाथचा चेहरा उजळला. "रम!" तो म्हणाला. "मळीची रम करत्यात. लई झकास. अशी सोन्यासारखी."

सहादेवला ठसका लागला. दाराआड रतनबाईनं डोळे मिटले. पण काकासाहेब मांडीवर थाप मारून हसले. "बघा! ह्याला म्हनत्यात जानकार. आमचे चेअरमन हेच म्हनत्यात, मळी वाया घालवू नका." मग त्यांनी मनातली गोष्ट काढली. येत्या हंगामात बॉयलर पेटवायच्या दिवशी गहिनीनाथरावांनी कारखान्यावर यायचं आणि कामगारांपुढं दोन शब्द बोलायचे. चेअरमनसाहेबांच्या कानावर घातलेलं आहे. सहादेवनं गहिनीनाथच्या वतीनं लगेच होकार देऊन टाकला.

एवढ्यावर निभावलं असतं. पण गोरक्षनाथला राहवेना. त्या चैत्रात सगळ्या महाराष्ट्रानं कान रेडिओला लावले होते. आपल्या क्रिकेट संघानं वेस्ट इंडिजमध्ये जाऊन त्यांनाच हरवलं होतं. पोर्ट ऑफ स्पेन हे नाव गावच्या पारावर, सलूनमध्ये, एसटीच्या थांब्यावर लोक अगदी शेजारच्या तालुक्याचं घ्यावं तसं घेत होते.

"मामा," गोरक्षनाथ म्हणाला, आणि 'मामा' म्हटल्याचं त्याचं त्यालाच लाजल्यासारखं झालं. "पोर्ट ऑफ स्पेन बघितलंय तुमी?"

"बघितलंय म्हंजे? तिथंच हुतो."

"आन त्ये मैदान?"

"मैदानाच्या मागं डोंगर हाय. हिरवागार. सामना असला की झाडावर बी मानसं चढलेली."

"मग सामनं बघितलं असतील की!"

"कवा बघनार? दिवसाचे झोपायचो आमी."

"रातपाळी हुती?"

"रातचंच काम. क्लब उघडायचा सांजच्याला—"

शब्द निसटला होता.

"क्लब?" काकासाहेब म्हणाले.

"कारखान्याचा क्लब," सहादेवनं घाईनं घातलं. "सायबांसाठी असतोय तसला."

"व्हय का?" काकासाहेब आता सरळ गहिनीनाथकडं बघत होते. वीस वर्षं बॉयलर सांभाळलेला माणूस तो, वाफ कुठून निसटते ते त्याला लगेच कळे. "तुमच्या बॉयलरला किती पौंडाचं प्रेशर हुतं?"

गहिनीनाथनं दाराकडं बघितलं. रतनबाईनं हात जोडले, मान हलव म्हणून खूण केली. पण त्याची मान हलेना.

"क्लबात काय असायचं, मामा?" गोरक्षनाथनं मधेच विचारलं. पोराला बॉयलरशी काही देणंघेणं नव्हतं. त्याचे डोळे खरोखर ऐकायला आतुर झाले होते.

रतनबाईला तेव्हा एकदम जाणवलं की भाऊ येऊन बारा वर्षं झाली आणि हा प्रश्न त्याला या घरात कुणी विचारला नव्हता. तिनंसुद्धा. चोरीचा माल लपवावा तशी त्याची ती सगळी वर्षं तिनं लपवून ठेवली होती.

गहिनीनाथनं टोपी काढून मांडीवर ठेवली. लांब केस कानांवर आले. "काकासाहेब," तो म्हणाला, "बॉयलर म्या बघितला तो बोटीवरचा. कारखान्याची चिमनी लांबनं बघितलीय. मी मिस्त्री न्हाई. समुद्राच्या काठाला एक क्लब हुता, तिथं मी ढोल वाजवायचो."

सहादेवनं मान खाली घातली. काकासाहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण कुणी काही बोलायच्या आत गोजरबाई म्हणाली, "कसला असतोय त्यो क्लब?" तिच्या आवाजात राग नव्हता. जत्रेत नवा पाळणा आला तर तो कसा फिरतो हे विचारावं तसं तिनं विचारलं होतं.

मग गहिनीनाथ बोलायला लागला.

"भिंती न्हाईत, आत्याबाई. वाळूतच. वर माडाच्या झावळ्यांचं छप्पर, चारी अंगांनी उघडं. म्होरं तीन मोठं माड, त्यांच्यावरनं नाव पडलं, थ्री पाम्स. दिस बुडाला की माडांना रंगीत दिवं लावायचे. वाळूवर फळ्या ठोकलेल्या, त्यावर नाच. फळीच्या कडंपातुर लाट यायची, बायांची पायतानं भिजायची, मग त्या हातात घिऊन नाचायच्या."

"बाया? कुनाच्या बाया?"

"घरच्याच. नवऱ्यासंगं यायच्या."

"आन नाचायच्या बी नवऱ्यासंगंच?"

गहिनीनाथनं थोडा विचार केला. "बरंचसं."

गोजरबाईनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते.

"आमी बाजावाले सहाजन. त्यातले दोघं पिपं वाजवायचे. तेलाची पिपं, पलटनीनं टाकून दिलेली. ती कापून, ठोकून ठोकून गरिबांच्या पोरांनी त्यातनं सूर काढलेले. काय सूर! ऐकून खरं वाटायचं न्हाई का हे पिंप हाय. गानारा गडी दिवसा जे घडलं त्याचं रातच्याला गानं करायचा. सायबाची मोटार रुतली, कर गानं. मंत्री खोटं बोलला, कर गानं. मंत्रीच म्होरं बसून ऐकायचा आन हसायचा."

"तुला कसं घेतलं बाजात?" हे विचारणारा सहादेव होता. विचारल्यावर तो स्वतःच चपापला.

"पयली दोन वर्सं बशा धुतल्या, दादा. एक दिस ढोलवाल्याचा हात मोडला. मानसं तर येऊन बसलेली. मॅनेजर रडकुंडीला आला. म्या हात पुसले आन म्हनलं, मी बसतो. तिथला ढोल उभा, उंच. म्या त्यो आडवा पाडला आन मांडीखाली दाबला, ढोलकीसारखा. सगळे हसले. मग म्या ठेका धरला."

"कसला ठेका?" गोरक्षनाथ पुढं सरकला होता.

"आपला. जत्रेतला. दुसरा येतच न्हवता कुठला." गहिनीनाथची बोटं नकळत सतरंजीवर पडली आणि पुन्हा थांबली. "पयल्यांदा कुनाला कळंना पाय कुठं टाकायचा. मग एका म्हाताऱ्या बाईला कळलं, ती उठली. मग सगळा क्लब उठला. दिवं मालवायची येळ झाली तरी बसायला तयार न्हाईत. त्या दिसापास्न मी बाजात. पाटीवर नाव लिवलं, बॉम्बे. म्या गानाऱ्याला म्हनलं, गड्या, मी बॉम्बेचा न्हाई, पारनेरचा. त्यानं चारदा म्हनून बघितलं. मग रोज खेळ सुरू करताना ओरडायचा, 'आन ढोलावर, बॉम्बे फ्रॉम पारनेर!' मानसं टाळ्या वाजवायची. दहा वर्सं, आत्याबाई. रोज."

रतनबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. ज्या गावात त्याची ढोलकी जाळली, त्या गावाचं नाव तो रोज समुद्राकाठी लोकांकडून घेववत होता. आणि आपण त्याला इथं खोडव्याला खत सांगायला बसवलं. तिला लाज वाटली आणि त्याच वेळी छाती भरून आली. दोन्ही एकदमच झालं.

"आन राहायला कुठं हुतास?" गोजरबाईनं विचारलं. ती आता 'अरे-तुरे'वर आली होती.

"दुलारी म्हनून म्हातारी हुती. तिचा आजा इकडनंच गेलेला, बिहाराकडचा, ऊस तोडायला. तिनं हिंदुस्थान कवा बघितला न्हाई, पर डोक्यावरचा पदर कवा खाली पडू दिला न्हाई. मला खोली दिली, भाकर दिली. एक दिस म्हनली, पोरा, तुझा ढोल ऐकायचाय. म्या म्हनलं, ये. आता तिथं कसं हुतं, गोऱ्यांना आन पैसेवाल्यांना म्होरचं दार. आमी वाजवनारे, वाढनारे, सगळे मागच्या दारानं. म्हातारीला काय म्हाईत? ती आली सरळ म्होरच्या दारानं. चांगली साडी नेसलेली. दरवानानं अडवली. म्या मंचावरनं बघितलं."

"मग?"

"म्या ढोल खाली ठिवला. मॅनेजर धावत आला, वाजव म्हनला. म्या म्हनलं, ती आत येऊन बसल्याबिगर न्हाई. त्यो म्हनला, मग नीघ. म्या उठलो. तर मागनं पिपांचा आवाज बी थांबला. बघतो तर पाचीजन आपापलं वाद्य खाली ठिवून हाताची घडी घालून बसलेले. एकाचीबी जात माझी न्हाई, भाषा माझी न्हाई. कुनी कुनाला इचारलं बी न्हाई."



"मग बसली का म्हातारी?" गोजरबाईनं दरडावून विचारलं.

"बसली. पार म्होरल्या टेबलाला. लिंबाचं सरबत मागवलं. आन मग आमी जे वाजवलंय! क्लब बंद व्हईस्तवर ती जागची हलली न्हाई. जाताना मॅनेजरला म्हनली, सरबत गोड कमी हाय."

गोरक्षनाथ मोठ्यानं हसला. गोजरबाई हसली. सहादेवच्याही ओठांच्या कडा हलल्या. एकटे काकासाहेब हसले नाहीत. माणूस वाईट नव्हता. पण त्यांनी सगळ्या वसाहतीत साखर मिस्त्रीची जाहिरात करून ठेवलेली होती आणि आता परत जाऊन तोंड कसं दाखवायचं हे त्यांच्या डोक्यात चाललं होतं.

"हे बघा, सहादेवराव," शेवटी ते म्हणाले. "गहिनीनाथराव खरं बोलले, माझा राग न्हाई. मुलगी आमाला पसंत हाय. सुपारी आजच फोडू. फकस्त एक करा. लग्नाला चेअरमन येनार, सगळा कारखाना येनार. नवरीचा मामा म्हनून मांडवात तुमी उभं ऱ्हा. तुमीबी मामाच हाईत, थोरले हाईत. धाकट्या मामांनी पंगतीकडं बघावं, वाढप्यांत राहावं. कुनी काय इचारायचं न्हाई, कुनी काय सांगायचं न्हाई."

"काय हरकत न्हाई," सहादेव ताबडतोब म्हणाला. मघाचं हसू त्याच्या तोंडावरून गेलं होतं.

"चालंल की," गहिनीनाथही म्हणाला. "दादा हायच." त्यानं टोपी पुन्हा डोक्यावर घातली आणि केस आत कोंबायला लागला.

रतनबाई दाराला धरून उभी होती. मागणी तशी काहीच नव्हती. मामानं नवरीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, एवढाच तर तो मान. थोरल्या मामानं घेतला तर शास्त्रात काही बिघडत नव्हतं. गप्प राहिलं की झालं. नळ, वसाहत, फिटर जावई, सगळं पदरात पडत होतं. आणि बोललं तर जीप आल्या वाटेनं जाणार होती, आणि असं स्थळ पारनेरला पुन्हा येणार नव्हतं. पण पुष्पी तापानं फणफणली तेव्हा तिला खांद्यावर घेऊन नगरच्या दवाखान्यापर्यंत कोण गेलं होतं? शाळेत घालायला, शाळेतून काढू नका म्हणून दादाशी भांडायला, मॅट्रिकच्या परीक्षेला बाहेर उन्हात तीन तास उभं राहायला कोण होतं?

मागून पुष्पावतीचा आवाज आला. अगदी हळू. "आई, मला हंडा काय जड न्हाई."

रतनबाईनं मागं वळून पोरीकडं बघितलं. मग पदर सारखा केला आणि उंबरा ओलांडून ओसरीवर आली. पुरुषांच्या बैठकीत ती कधी बोलली नव्हती.

"काकासाहेब, खोटं मी बोलले. गहिनी न्हाई बोलला, दादा न्हाई बोलला. मी गावाला सांगितलं आन मीच तुमच्या मध्यस्ताला सांगितलं. शिक्षा करायची तर मला करा."

"रतने, आत जा," सहादेव म्हणाला.

"थांब दादा. तू थोरला हाईस, तुझा मान मोठा. पर ही पोर सात वर्साची हुती, तवापास्न तिच्या मागं हाच उभा हाय. त्या क्लबात त्याचं नाव हुतं, त्याला टाळ्या हुत्या. माझं एक पत्र गेलं आन त्यो सगळं सोडून हितं आला. आमी त्याला काय दिलं? एक खोटं नाव दिलं. आता त्याला मांडवातनं उठवून वाढप्यांत घालू? न्हाई. पुष्पीचा मामा म्हनून गहिनीच उभा ऱ्हाईल. तुमाला चालत नसंल तर सुपारी परत न्या. माझी पोर पानी वाहील."

गहिनीनाथ "आक्का, आक्का" करत राहिला. काकासाहेबांचा चेहरा लाल झाला. ते उठले, टोपी नीट केली. "चला," म्हणाले. गोरक्षनाथ अर्धवट उठला आणि आत्याकडं बघून तसाच थांबला.

गोजरबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं पाय पसरले.

"गोजराक्का, ऊठ."

"न्हाई उठत."

"अगं, जीप उभी हाय."

"उभी ऱ्हाऊ दे." तिनं हाताची घडी घातली. "त्या परमुलखातल्या गड्यांनी कोन कुठल्या म्हातारीसाठी बाजा बंद पाडला. आन तू सख्ख्या मामाला पंगतीत भात वाढाया सांगतोस? ह्या बाईनं तोंडावर खरं सांगितलं. आपल्या घरात असं कोन बोलतंय का? मला ही सोयरीक पायजे. तुला नसंल तर तू जा. मी आन गोरख येष्टीनं येतो."

गोरक्षनाथ खाली बसला. बसला तो थेट गहिनीनाथच्या शेजारी.

काकासाहेब दोन पावलं गेले. दारातच थांबले. बॉयलरवर दोनशे माणसांना दरडावणारा माणूस, पण थोरल्या बहिणीपुढं त्यांचं कधी काही चाललेलं नव्हतं. परत फिरून ते म्हणाले, "आन चेअरमनसाहेबांनी इचारलं तर काय सांगू?"

"सांगा, मामा त्रिनिदादचे हाईत," गोरक्षनाथ म्हणाला. "आपन जिंकलो ना, तिथले."

काकासाहेबांनी पोराकडं बघितलं, बहिणीकडं बघितलं आणि हात टेकले. हसू आवरायचा त्यांनी प्रयत्न केला, तो फारसा जमला नाही. त्यांनी पानाच्या ताटातली सुपारी उचलली, बत्ता घेतला आणि दोन्ही गहिनीनाथपुढं ठेवलं. "घ्या. फोडा तुमीच. पर बॉयलरच्या कार्यक्रमाला यायचंच. भाषन नको. ढोल आना."

गहिनीनाथनं बत्ता उचलला. पहिला घाव चुकला, सुपारी उडून सहादेवच्या मांडीवर पडली. सहादेवनं ती उचलली, क्षणभर हातात धरली, आणि धाकट्या भावापुढं ठेवून बोटानं दाबून धरली. दुसऱ्या घावाला तिचे दोन तुकडे झाले. आत पुष्पावती रडत होती आणि रतनबाईनं तिला रडू दिलं.

सुपारी फुटल्याचा आवाज शेजारी गेलाच. हळदकुंकवाला बायका जमल्या. त्यांत सगळ्यात पुढं भीमाबाई. हिच्या कानावर घातलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी पारनेरच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक झालेली असते. तिनं आल्या आल्या ओसरीकडं मान वाकडी केली. "काय गं रतनबाई, मिस्त्री मामानं फोडली म्हनं सुपारी?"

रतनबाईनं तिच्या हातावर साखर ठेवली आणि मुद्दाम आवाज चढवून, ओसरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मिस्त्री न्हाई गं माझा भाऊ. समुद्राकाठच्या क्लबात ढोल वाजवायचा. दहा वर्सं. लोक उठून नाचायचे त्याच्या ढोलावर. तू बस, तुला पयल्यापास्न सांगते."